माजी साळ

हिर्डोशीच्या गेनूला भोरच्या बाजारात कुणी गेनू म्हणून हाक मारत नसे. "आला बघा नमुना," असंच म्हणत. आपल्याकडं नमुना कुणाला म्हणतात ते सांगायला नको. पण गेनू तसा नव्हता. चार शब्द विचारले तर एक बोलणारा, पाठीत जरासा वाकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा शेतकरी होता तो. दोष असलाच तर त्याच्या खाचरांचा. त्याची दोन्ही भातखाचरं वरंध घाटाकडं जाणाऱ्या सडकेला लागून होती, आणि तिथंच एक जांभळीचं झाड होतं. झाडाखाली मोटार सावलीत उभी राहायची. बुटाला चिखल न लागता बांधावर उतरता यायचं. एवढ्यासाठी माजी विद्यार्थी मंडळानं एकोणीसशे अठ्ठावीस साली त्याच्या बांधावर 'नमुना शेत' अशी पाटी ठोकली. पाटी शेताची होती, पण चिकटली माणसाला.

हे मंडळ कुठल्या गावच्या शाळेचं नव्हतं. परदेशातल्या कुणा दानशूर बाईच्या नावानं एक शिष्यवृत्ती होती. देशोदेशींची हुशार मुलं ती घेऊन परमुलखात शिकायला जात. अट एकच, शिकून परत यायचं आणि जे शिकलं ते आपल्या लोकांना द्यायचं. भोर-वेल्ह्याच्या भागातले, नाहीतर नोकरीनं इथं येऊन राहिलेले असे नऊ जण ती शिष्यवृत्ती भोगून आले होते. पाटीच्या आदल्या साली त्यांनी भोरात मंडळ काढलं. महिन्याला बैठक, पावसाळ्यात व्याख्यानं, हिवाळ्यात प्रदर्शन आणि वर्षभर गेनूचं शेत, असा त्यांचा कार्यक्रम. वर्ष सरलं की छापील अहवाल बोटीनं परदेशातल्या मुख्य कचेरीला जाई. अहवालात फोटो लागतो. भोरच्या पलीकडं कापूरहोळचा मोठा रस्ता गेनूनं उभ्या जन्मात दोनदा पाहिला होता, पण त्याचा फोटो अकरा वेळा समुद्र ओलांडून गेला.

मंडळाचे चिटणीस आनंदराव. दोन वर्षं जपानात राहून भातशेती शिकून आलेले. माणूस सोन्यासारखा होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्ही त्यांना शिव्या द्याल. पहिल्या दिवशी ते पाटी ठोकायला आले तेव्हा गेनूचा शेजारी सोनबा पाटीवरची अक्षरं लावत लावत म्हणाला, "माजी इद्यार्थी? माजी म्हंजे काय वं सायेब? माज आल्यालं व्हय?"

बरोबरच्यांनी सोनबाकडं डोळे वटारले. आनंदराव मात्र खळखळून हसले. "माज नव्हे हो. माजी म्हणजे पूर्वीचा. होता, आता नाही. आम्ही विद्यार्थी होतो, आता नाही."

"मंग आता कशाला मंडळ?" सोनबानं विचारलं. आनंदरावांनी पाटीवर आणखी एक खिळा ठोकला.

आनंदराव गेनूला 'गेनबा' म्हणत आणि अहोजाहो करत. तिथंच गेनू फसला. अरेतुरे करणाऱ्या माणसाला चुकवता येतं. पण मोटारीतून उतरणारा साहेब "गेनबा, तुम्हाला जमेल ना?" असं विचारायला लागला की नाही कसं म्हणायचं? गेनू म्हणायचा, "बरं." तो बरं म्हणाला की आनंदराव वहीत काहीतरी लिहायचे, आणि गेनूचं आणखी एक साल कामी यायचं.

पहिल्या साली अमेरिकेहून आलेल्या एका सभासदानं लोखंडी नांगर आणला. खाचर केवढं, नांगर केवढा! वळवायलाच जागा नाही. बैलांच्या माना सोलून निघाल्या. शेवटी नांगर गोठ्याच्या कोपऱ्यात गेला आणि त्यावर कोंबड्या बसायला लागल्या. दोन वर्षांनी डेन्मार्कला जाऊन आलेल्या एकानं शुभ्र पांढऱ्या कोंबड्या आणून दिल्या. त्याही त्याच नांगरावर बसल्या. पांढऱ्या रंगामुळं रानमांजराला शोधायचे कष्ट पडले नाहीत आणि महिन्याभरात सगळ्या संपल्या. अहवालात छापून आलं, 'कुक्कुटपालनाचा प्रयोग पूर्ण झाला.' मग आरोग्याचे डॉक्टर आले. त्यांनी घरामागं शौचाचा खड्डा खणवून चारी बाजूंनी कूड आणि वर छप्पर घालून घेतलं. गेनूची बायको सखूबाई हिनं त्यात गोवऱ्या रचल्या, कारण घरादारात पावसाळ्यात कोरडी राहील अशी तेवढी एकच जागा होती.

खोटं कशाला बोला, सगळंच काही फुकट गेलं नाही. आनंदरावांनी जपानी तऱ्हेची दोरी आणली, तिला वीत-वीतभर अंतरावर गाठी मारलेल्या. गाठीगाठीला एक रोप लावायचं. भात सरळ ओळीत उभं राही, बेणणी, म्हणजे तण काढणं, सोपं जाई, आणि पीक खरोखरच वाढलं. गेनू हे मान्य करायचा. पण दोरी ताणून धरायची, सोडायची, पुढं सरकायचं, पुन्हा ताणायची, मधेच कुणी पाहुणे आले की हात धुवायचे, धुतलेला सदरा घालायचा, रोप हातात धरून उन्हात ताटकळत उभं राहायचं आणि फोटोवाला हलू नका म्हणाला की हलायचं नाही. दमायचा तो. कामानं माणूस दमतो, तो शीण झोपलं की उतरतो. गेनूचा शीण झोपेनं उतरत नसे. आपल्याच बांधावर पाहुण्यासारखं उभं राहायचा शीण होता तो.

"एकदा न्हाई म्हना की वं," सखूबाई म्हणायची.

"बगू," गेनू म्हणायचा, आणि मोटार आली की पुन्हा "बरं."

दोन्ही खाचरांत मंडळानं दिलेलं बी. त्यातून एक कोपरा तेवढा गेनूनं राखला होता. खालच्या खाचरात, वाहत्या पाण्याच्या कडेला, दोन घोंगड्या अंथरता येतील एवढीच जागा. तिथं तांबसाळ लावायचे. लाल तांदळाचं, लालसर कुसळांचं जुनं भात. सखूबाई वेल्ह्याकडची. लग्नात तिच्या आईनं तिच्या ओटीत नारळाबरोबर तांबसाळीचं मूठभर बी घातलं होतं आणि सांगितलं होतं, बाळंतिणीला हिचीच पेज द्यायची, अंगातलं गेलेलं रक्त भरून येतं. सखूबाईच्या तिन्ही बाळंतपणांत तिनं तीच पेज प्यायली. तिघांतली एकच लेक जगली, बनाबाई. ती वेल्ह्याकडंच दिली होती. भाताचं बी दोन सालांच्या वर कणगीत टिकत नाही, त्याला उगवत ठेवावं लागतं. तेवढ्यासाठी तो कोपरा. हिर्डोशीत दुसऱ्या कुणाकडं तांबसाळ उरली नव्हती, आणि सखूबाईच्या माहेरीही ती कधीच मोडली होती.

एकोणीसशे एकोणचाळीस साल उजाडलं. मंडळाला बारा वर्षं झाली म्हणून तपपूर्ती सोहळा ठरला. परदेशाहून मोठे पाहुणे येणार होते, पण तिकडं लढाई पेटली आणि बोटी थांबल्या. पाहुणे नाहीत तर निदान अहवाल तरी जंगी व्हावा असं आनंदरावांनी मनावर घेतलं. त्याच साली बनाबाईला पहिल्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं. सखूबाई रोज त्या कोपऱ्यापाशी जाऊन कणसाला बोट लावून बघायची. कार्तिकात लेक बाळंत होणार, त्याआधी साळ घरात यायला हवी होती. गेल्या साली भातावर करपा रोग पडला होता, त्यामुळं कणगीत दाणा शिल्लक नव्हता. होती ती सगळी शेतात उभी.

आश्विनात गेनू डोंगर ओलांडून बनाबाईला आणायला गेला. जायला एक दिवस, यायला पोटुशी पोर सांभाळत दोन. तो नसतानाच मोटारी आल्या. एक नाही, दोन. मंडळाचे सात सभासद विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले. 'भेसळ निर्मूलन सप्ताह' होता. शेतात वेगळ्या जातीचं रोप दिसलं की ते भेसळ, ते मुळासकट उपटायचं, म्हणजे बी शुद्ध राहतं. आनंदराव जपानात हेच शिकले होते. फोटोवालाही बरोबर होता.

फिरत फिरत ते कोपऱ्यापाशी आले. लाल कुसळं बघून थांबले. सखूबाई बांधावर पदर तोंडाशी धरून उभी होती.

"बाई, ही कुठली साळ?" आनंदरावांनी विचारलं.

परक्या पुरुषाशी बोलायची तिला सवय नव्हती. तरी तिनं धीर करून सांगितलं, "ती व्हय? ती माजी साळ हाय."

आमच्याकडं झ जिभेवर टिकत नाही. माझं घर ते माजं घर, माझी लेक ती माजी लेक. पण आनंदरावांच्या पत्रांच्या डोक्यावर, शिक्क्यावर, पाटीवर बारा वर्षं तो एकच शब्द होता. त्यांच्या कानात तोच बसला होता. माजी म्हणजे पूर्वीची. म्हणजे गेल्या सालची, गळून आपोआप उगवलेली. "बघा, शेतकऱ्याच्या बायकोलासुद्धा आता भेसळ ओळखता येते!" ते कौतुकानं म्हणाले आणि पहिलं रोप त्यांनी स्वतःच्या हातानं उपटलं.

सखूबाई म्हणाली, "आवं, नगा, नगा."

"असू द्या बाई, आम्हाला चिखलाची लाज नाही," एक सभासद हसत म्हणाला. त्याला वाटलं, साहेबलोक कामाला लागले म्हणून ही संकोचतेय. सात जणांनी घटकाभरात कोपरा साफ केला. बांधावर ढीग पडला. फोटो निघाला. जाताना सगळ्यांनी तिला नमस्कार केला.

गेनू लेकीला घेऊन आला तेव्हा सखूबाई त्या ढिगापाशी बसून कणसं चाचपत होती. दाणा अजून दुधात होता. दाबला की पांढरं पाणी यायचं.

"म्या सांगितलं त्येस्नी," ती म्हणाली. "माजी साळ हाय म्हनून सांगितलं. तरी उपटली. नगा म्हनलं तरी उपटली."

गेनू कधी नव्हे तो रागावला. बारा वर्षांत त्याला साहेबांचा राग आला नव्हता, कंटाळा आला होता. माझी आहे म्हणून बाई सांगतेय आणि तरी उपटतात, म्हणजे आपण माणसं आहोत की कोण? पण तो करणार काय? तिघं ढिगाभोवती बसली. वरची थोडीफार कणसं पिकायला आली होती. दाणा दाणा नखानं काढला, उन्हात वाळवला. सगळा मिळून दोन ओंजळी भरला.

दोन ओंजळींत पेज होईल, नाहीतर बी होईल. दोन्ही होणार नाही. सखूबाई म्हणाली, लेकीच्या जिवापेक्षा बी मोठं आहे का? बनाबाई म्हणाली, "आये, आज माजी पेज व्हईल. उद्या हिच्या बाळंतपणाला काय?" आणि पोटावर हात ठेवला. गेनूनं बी फडक्यात बांधून तुळईला टांगलं.

कार्तिकात बनाबाई बाळंत झाली. मुलगीच झाली. सखूबाईनं साध्या तांदळाच्या पेजेत नाचणीचं पीठ कालवलं, म्हणजे रंग लालसर येतो. वाटी लेकीच्या हातात दिली. नाचणी लपत नाही, पहिल्या घोटालाच कळते. बनाबाई वाटी संपवून म्हणाली, "तांबसाळीचा वास काय सुटलाय, आये." उंबऱ्याशी बसलेल्या गेनूला हे ऐकू आलं. त्याला इतकी लाज वाटली की तो उठून गोठ्यात गेला.

मार्गशीर्षात सोहळा झाला. गेनूला नमुनेदार शेतकरी म्हणून शाल-नारळ होता. जायचं मन नव्हतं, पण आनंदराव स्वतः बोलवायला आले होते आणि गेनूच्या तोंडून सवयीनं "बरं" निघून गेलं होतं. भोरात मांडव, खुर्च्या, हारतुरे. गेनू पहिल्या ओळीत मांडीवर शाल घेऊन बसला होता. त्यानं मनाशी ठरवलं होतं, आज उठून विचारायचं. बाईनं सांगूनही का उपटलंत?

आनंदराव अहवाल वाचायला उभे राहिले. नांगर झाला, कोंबड्या झाल्या. मग भेसळ आली.

"येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. खालच्या खाचरातील परजातीची रोपे ही माजी, म्हणजे गतवर्षी गळून उगवलेली आहेत, हे आमच्या कोणाही सभासदाआधी शेतकऱ्याची पत्नी सौभाग्यवती सखूबाई यांनीच ओळखून दाखविले. मंडळाच्या बारा वर्षांच्या कार्याचे याहून मोठे फळ कोणते?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक मागं वळून सखूबाई कुठं बसल्यात ते शोधायला लागले. ती घरी बाळंतिणीपाशी होती. गेनू उठणार होता तो तसाच बसून राहिला. माजी. होता, आता नाही. सोनबानं विचारलेला प्रश्न आणि साहेबांनी दिलेलं उत्तर त्याला लख्ख आठवलं. साळ कुणी मुद्दाम उपटली नव्हती. सखूबाईच्याच तोंडच्या शब्दानं उपटली गेली होती.

आनंदरावांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. गेनू उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "बरं हाय." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

भोरपासून हिर्डोशीपर्यंत तो चालत आला. गाडी मिळत होती, पण घेतली नाही. सखूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "इच्यारलं का?"

"न्हाई."

"ठावंच व्हतं मला." तिनं शाल उलटीपालटी करून पाहिली आणि खुंटीला अडकवली. "माजी हाय म्हनून सांगितलं तरी उपटत्यात. देव बगून घील त्येस्नी."

खरं काय घडलं ते गेनूच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं तिच्याकडं पाहिलं. चुलीपुढं बसून ती बाळंतिणीसाठी नाचणी चाळत होती. त्यानं पाणी प्यायलं आणि तांब्या पालथा घातला.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. गेनूनं रोपासाठी सडकेकडचाच राब, म्हणजे वाफ्यावरचा पालापाचोळा, भाजला आणि मृगाला त्या राखेत दोन ओंजळी बी फेकलं. दरसाल तिथं मंडळाच्या बियाचं रोप व्हायचं. आठ दिवसांत कोवळी हिरवळ वर आली. मग मोटार आली. जांभळीखाली थांबली. आनंदराव एका हातात बियाची पिशवी, दुसऱ्या हातात नवी दोरी घेऊन उतरले.

"अहो गेनबा, हे काय? आमच्या आधीच पेरलंत? कुठलं बी हे?"

गेनू वाकून पाटाचं पाणी वळवत होता. तो कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाला. सहा महिने तो गुरांमागं एकटा असताना एक शब्द घोटत होता. जीभ टाळूला नीट लावायची, मग श्वास सोडायचा. दहा वेळा म्हटलं की तीनदा जमायचं.

"माझी साळ हाय, सायेब," तो म्हणाला. झ आला. "माजी न्हवं. माझी."

आनंदरावांना आधी कळलंच नाही. ते हसले. मग हसू ओठांवरच राहिलं. ते त्या कोवळ्या रोपांकडं बघत राहिले, मग खालच्या खाचराच्या कोपऱ्याकडं बघितलं. पिशवी त्यांच्या हातातून बांधावर घसरली.

"म्हणजे त्या दिवशी बाई म्हणाल्या ते..."

"व्हय."

"आणि मी भर सभेत... टाळ्या वाजवल्या लोकांनी." "गेनबा, मी आत्ता घरी येतो. सखूबाईंच्या पाया पडतो. त्यांना सांगतो, चूक माझी झाली, मी शब्द उलटा ऐकला."

"न्हाई," गेनू म्हणाला.

बारा वर्षांत त्यानं आनंदरावांना हा शब्द पहिल्यांदा म्हटला. आनंदराव थबकले.

"तिला ठावं न्हाई. तिला वाटतं, तुमी माहीत असून उपटली. ती तुमास्नी शिव्या देती, दिसातनं दोनदा देती. तसंच ऱ्हाऊ द्या."

"पण मी मुद्दाम नाही केलं हो!"

"म्हाईत हाय मला. पर तुमी सांगितलं तर तिला कळंल का तिच्या शब्दानंच ग्येली. आईनं ओटीत घातल्याली साळ. लेक पेजंबिगर ऱ्हायली. सायेब, तुमी शिकल्यालं मानूस. तुमास्नी तिचा राग पेलंल. तिला सवताचा न्हाई पेलायचा."

आनंदरावांनी वाकून बियाची पिशवी उचलली. वाटेवरून सखूबाई शेणाची पाटी घेऊन येत होती. साहेब दिसताच तिनं पदर पुढं ओढला, मान फिरवली आणि दोघांच्या मधून निघून गेली. आनंदराव खाली मान घालून उभे राहिले.

"बरं," ते म्हणाले.

गेनूची पाठ धरली होती. तो खाली बसला आणि पुन्हा पाणी वळवायला लागला.